बोअरच्या मोटरचा अर्थ फॉल्ट शोधण्यापूर्वीची तयारी

मोटर अर्थ झाल्याचा, म्हणजे इन्सुलेशन खराब होऊन करंट जमिनीकडे गळत असल्याचा, संशय आला, की ती वर काढण्याची घाई होते. परंतु दीडशे-दोनशे फुटांवरून मोटर ओढणे खर्चाचे आणि कष्टाचे काम असून दोष कित्येकदा बोअरच्या तोंडापर्यंतच्या केबलमध्ये किंवा वाटेतल्या जॉइंटमध्येच निघतो. म्हणून मोटर जागेवर असतानाच दोषाची हद्द ठरवता येईल, अशा बेताने तयारी करावी.

आधी पुरवठा पाहावा. शेतीची थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री येते आणि ऑटो स्विच चालू राहिला असल्यास लाइट येताच मोटर आपोआप सुरू होते. त्यामुळे ऑटो बंद करून मेन स्विच पाडावा, फ्यूजची तिन्ही किटकॅट (फ्यूजची तार बसवलेले, ओढून काढता येणारे भाग) काढून काम करणाऱ्याने स्वतःच्याच खिशात ठेवावीत आणि त्यानंतरही, चालू लाइनवर पडताळून घेतलेल्या मीटरने, स्टार्टरच्या टोकांवर व्होल्टेज नसल्याची खात्री करावी. कपॅसिटर डिस्चार्ज करून सोडवावा.

हत्यारांत ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारे यंत्र, हवाच. मल्टिमीटर जेमतेम काही व्होल्टवर ओहम मोजतो, त्यामुळे ओल शिरलेले इन्सुलेशन त्यावर निर्दोष दिसू शकते. त्याखेरीज मिलिअँपिअर दाखवणारा क्लॅम्प मीटर, पॉलिश पेपर, टेप आणि वही घ्यावी.

मेगर लावण्यापूर्वी मोटरकडे जाणाऱ्या वायरी स्टार्टरवरून पूर्ण सोडवाव्यात, कारण प्रिव्हेंटर (एखादा फेज गेल्यास मोटर बंद करणारे उपकरण) किंवा ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारे उपकरण) जोडलेला राहिल्यास ५०० व्होल्टमध्ये तो जळण्याचा धोका असतो. मेगरची अर्थकडील क्लिप गंजावर किंवा रंगावर न लावता कॉलम पाइपच्या (ज्याला मोटर टांगलेली असते, त्या बोअरमधल्या पाइपच्या) घासून उघड्या केलेल्या धातूवर लावावी; तो पाइप प्लास्टिकचा असेल तर अर्थिंगच्या वायरीवर लावावी. वाचन एक मिनिट देऊन घ्यावे आणि नंतर केबल डिस्चार्ज करावी. एक मेगओहमपेक्षा कमी आकडा आला, तर बोअरच्या तोंडाशी असलेला जॉइंट सोडवून वरची केबल आणि खालचा भाग वेगवेगळे मोजावेत. तीन वायरींच्या मोटरमध्ये वाइंडिंग आतून जोडलेले असल्याने तिन्ही फेजचे आकडे जवळपास सारखेच येतात, त्यावरून कोणता फेज खराब हे ठरवता येत नाही. सहा वायरी बाहेर असतील तरच, सर्व टोके मोकळी करून, प्रत्येक वाइंडिंग स्वतंत्र तपासता येते.

अर्थिंगची तपासणी मात्र टाळू नये, आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी टाळली जाते. कोरड्या मुरमात अर्थचा रेझिस्टन्स २० ओहम असेल, तर २३० व्होल्टला फॉल्टमधून फार तर साडेअकरा अँपिअर वाहतील; साडेसात एचपीच्या मोटरला चालतानाही साधारण तेवढाच किंवा थोडा जास्त करंट लागत असल्याने फ्यूज तो निमूटपणे सोसतो आणि स्टार्टरच्या पत्र्याला करंट येत राहतो. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यातील ओल, पट्टीचा बोल्ट आणि वायरीचा सलगपणा पाहावा. आरसीसीबी (करंट गळताच पुरवठा तोडणारी स्विच) असल्यास तिचे टेस्ट बटणही दाबून पाहावे, मात्र बटणाने ती पडली म्हणजे अर्थिंग ठीक आहे, असे मुळीच धरू नये.

वहीत तारीख, हवा कोरडी की दमट आणि मोजमापाची जागा यांसह प्रत्येक आकडा लिहावा. दुरुस्तीनंतर मोटर सुरू केल्यावर तिन्ही फेज एकत्र क्लॅम्पच्या जबड्यात घेऊन गळतीचा करंट पाहावा. तो शून्याच्या जवळ नसेल, तर मोटर लगेच बंद करून पुन्हा जॉइंटपासून मोजणी सुरू करावी.