पाण्याचं चित्र निळं होतं, पण ओलं वाटत नाही? या चुका टाळा

मेणवलीच्या घाटावर सकाळी साडेसहाला बसलात, तर कृष्णेच्या पाण्यात निळा रंग शोधूनही सापडत नाही. राखाडी, मळकट हिरवा, काठच्या दगडाचा काळपट तपकिरी, एवढंच. तरी जलरंगांची पॅलेट उघडली की ब्रश आधी अल्ट्रामरीनकडेच, म्हणजे गडद निळ्याकडेच जातो. पहिली चूक इथेच होते. लांबचं पाणी आभाळ दाखवतं, पायाशी असलेलं पाणी तळ. म्हणून आभाळासाठी कालवलेलाच रंग पाण्यात उतरवा आणि पुढे येताना त्यात जरा बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी रंग सोडा.

मला सगळ्यात जास्त छळलं ते प्रतिबिंबांनी. प्रतिबिंब सावलीसारखं तिरकं पडत नाही, वस्तूच्या बरोबर खाली सरळ उतरतं. शिवाय पाण्यात उजेड थोडा मळतो आणि काळोख थोडा उजळतो. मी मात्र पायऱ्या पाण्यातही तितक्याच काळ्या, तितक्याच धारदार काढायचो. वर एक घाट, खाली एक घाट, आणि पाणी कुठेच नाही! आता पाण्याच्या भागावर वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर दिला की कागद तिरका धरून बघतो. चकाकी असेपर्यंत थांबायचं; ती गेली आणि नुसता ओलसरपणा उरला की दाट रंग वरून खाली ओढायचा. घाई केली तर रंग वाहून जातो, उशिरा पाणीदार ब्रश लावला तर झालरीसारख्या कडांचे डाग उठतात. कागद 300 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, जाड घ्या. पातळ कागद फुगतो आणि रंगाची डबकी साचतात.

धुकं म्हणजे पांढरा रंग थापणं नव्हे. धुक्यात गडद-फिक्यातला फरक कमी होतो, बस्स. फ्रेंच चित्रकार मोनेनं 1872 मध्ये फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरातला सूर्योदय रंगवला. त्यातला नारिंगी सूर्य डोळ्यांत भरतो; पण चित्राचा कृष्णधवल फोटो पाहा, सूर्य जवळजवळ गायब! उजळपणात तो आणि भोवतालचं आभाळ सारखंच आहे. चित्र अर्धं झालं की मीही मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढतो. समोरचा काठ आणि जवळची पायरी सारखीच काळी दिसली, तर काठ ओल्या ब्रशनं पुसून फिका करतो.

लाटा? कोरड्या ब्रशचे दोन-तीन आडवे फटकारे पुरतात. चौथा मारायचा मोह मला अजून आवरत नाही.