माल पुढे जातो, मशीन बीमजवळच राहतं: बायोमास प्लांटमध्ये या चुका टाळा

गव्हाचं काड, सोयाबीनचा भुसा, उसाची चिपाडं इलेक्ट्रॉन बीमखालून (वेगवान इलेक्ट्रॉनच्या झोताखालून) काढली की सेल्युलोजच्या लांब साखळ्या तुटतात आणि पुढे एन्झाइमला साखर काढणं सोपं जातं. इंदूरकरांना ही यंत्रणा अगदीच परकी नाही. देवी अहिल्याबाई होळकर फळ-भाजी मंडीच्या आवारात आरआरकॅटचं (राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राचं) इलेक्ट्रॉन बीम केंद्र आहे, तिथे वैद्यकीय साहित्याचं निर्जंतुकीकरण होतं. माळव्यात काडाला तोटा नाही, त्यामुळे सांवेर रोड आणि पिथमपूरची कारखानदार मंडळी 'आपणही एखादा पायलट लावू या का' असं विचारू लागली तर नवल नाही. माणसांच्या सुरक्षेची चौकशी सगळे करतात, करायलाच हवी, एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) परवानगीशिवाय पान हलत नाही. मालाला किती डोस, म्हणजे किती रेडिएशन, द्यायचा तेही विचारतात. मशीनला किती डोस बसेल, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

फक्त मालाचा डोस मोजणं

माल बीमखालून जातो आणि सुटतो. बेअरिंग, सेन्सर, केबल वर्षानुवर्षं तिथेच असतात. समजा, बीमपासून बाजूला असलेल्या एका सीलला विखुरलेल्या किरणांतून ताशी फक्त 10 ग्रे मिळतात (ग्रे हे डोसचं माप, किलोमागे एक ज्यूल). आकडा किरकोळ वाटतो. दिवसाला 20 तास, वर्षाला 200 दिवस प्लांट चालला तर 4000 तास झाले, म्हणजे 40 किलोग्रे. वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करायला 25 किलोग्रे धरतात. थोडक्यात, कोपऱ्यातलं ते सील वर्षभरात सलाइनच्या नळीपेक्षा जास्त भाजून निघतं.

म्हणून पहिल्याच आठवड्यात डोसिमीटरच्या (डोस मोजणाऱ्या) फिल्म मालावर लावता तशाच बेअरिंगजवळ, सेन्सरच्या पाठीमागे आणि केबलच्या वळणावरही चिकटवा. ताशी डोस कळला की कोणता भाग किती महिन्यांनी बदलायचा हे लॉगबुकच सांगेल.

'भारीतलं टाका' म्हणून टेफ्लॉन

फिटरचा हात आपोआप टेफ्लॉनकडे जातो. आम्ल, उष्णता, घर्षण यांत ते एक नंबर, पण रेडिएशनमध्ये सर्वांत कच्चं. हवेत काही किलोग्रेमध्येच ठिसूळ होतं. वरून पांढरं, धडधाकट दिसणारं वॉशर नखाने दाबलं तरी कडेने पूड सुटते. पॉलिप्रॉपिलीन आणि अ‍ॅसिटलचे गिअर, बुश हेही तडकतात. ब्यूटाइल रबर उलट मऊ, चिकट होतं. पीव्हीसीच्या केबलमधून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते आणि शेजारचे तांब्याचे टर्मिनल हिरवे पडतात. मग दोष कनेक्टरवाल्याला दिला जातो.

बीमजवळ पीक (PEEK) किंवा पॉलिइमाइड ही रेडिएशन सोसणारी प्लास्टिकं, किंवा खनिज इन्सुलेशनची केबल घ्या. महाग आहेत, पण एक दिवस प्लांट बंद ठेवण्याचा हिशेब मांडा आणि मग किमतीकडे बघा. रबरी पट्टा तर नकोच. स्टीलच्या पट्ट्यांचा कन्व्हेयर किंवा कंपन ट्रे बरा. साधं ग्रीसही काही काळाने घट्ट होऊन बसतं, तेव्हा बीमजवळच्या बेअरिंगला रेडिएशन सोसणारं वंगण मागून घ्या.

थेट शिसं ठोकणं

ही चूक सर्वांत जास्त दिसते, कारण ती शहाणपणाची वाटते. 'रेडिएशन आहे ना, मग शिसं लावा' म्हणत सेन्सरच्या पुढे पत्रा ठोकला जातो. 10 एमइव्हीचे (एमइव्ही हे इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचं माप) इलेक्ट्रॉन साधारण 5 सेंटिमीटर पाण्यात, 2 सेंटिमीटर अ‍ॅल्युमिनियममध्ये किंवा सेंटिमीटरच्या आत पोलादात थांबतात. थांबवणं अवघड नाही. पण जड धातूत थांबताना ते एक्स-रे सोडतात, आणि शिशात अ‍ॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे ज्या सेन्सरला वाचवायचं, त्याच्याच तोंडासमोर तुम्ही एक्स-रेचा दिवा लावला. शिवाय हे एक्स-रे अर्ध्यावर आणायलाही काही सेंटिमीटर पोलाद लागतं.

क्रम उलटा ठेवा: बीमच्या बाजूला आधी अ‍ॅल्युमिनियम, त्यात इलेक्ट्रॉन थांबू द्या, मग मागे पोलाद किंवा शिसं. कन्व्हेयरखाली उरलेला बीम अडवणारा बीम-स्टॉपही याच विचाराने, आणि पाण्याने थंड होणारा हवा. किलोवॉटमधली उष्णता कुठेतरी जायलाच हवी. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे अंतर. एका मीटरवरचा कॅमेरा तीन मीटरवर नेला तर लहान स्रोतासाठी डोस जवळपास नववा हिस्सा होतो. मोटर भिंतीपलीकडे ठेवून शाफ्ट आत आणा, कॅमेऱ्याला धातूच्या आरशातून कोपऱ्याआडून बघू द्या.

मात्र शाफ्ट किंवा केबलसाठी काँक्रीटमध्ये आपल्या मनाने सरळ भोक कधीच पाडू नका. त्या वाटा मंजूर नकाशात वळणदार असतात, कारण सरळ वाटेने किरणही सरळ बाहेर येतात.

रिकाम्या ट्रेवर बीम

ट्रेवरचं काड हीच मशीनची ढाल असते. फीड अडलं, थर विरळ झाला की पूर्ण बीम ट्रे आणि रोलरवर पडतो. फीडचा सेन्सर आणि बीम इंटरलॉकने जोडा, म्हणजे फीड अडताच बीम आपोआप बंद होईल. बीम मालावर इकडून तिकडे फिरवणारा स्कॅन मॅग्नेट बंद पडला तर बीम ताबडतोब कट व्हायला हवा, नाहीतर तो एकाच जागी थांबून, ज्यातून तो बाहेर येतो ती टायटॅनियमची खिडकी फाडतो. या खिडकीची झिल्ली मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच जाड असते, हवेने थंड ठेवावी लागते, आणि हीच हवा हलका भुसा उडवून खिडकीवर चिकटवते. मालावर झाकण ठेवा, पंख्याची दिशा बदला.

डोस एका फेरीत संपवण्याचा मोहही टाळा. 100 किलोग्रे म्हणजे किलोमागे 100 किलोज्यूल. कोरडं काड त्यात साधारण 65 अंशांनी तापतं. बायोमासला शेकडो किलोग्रे लागू शकतात, तेव्हा फेऱ्या विभागा आणि मध्ये गार होऊ द्या. बारीक धूळ आणि उष्णता एकत्र आली की आगीची भीती वेगळीच. ट्रे, ब्रॅकेट, जाळ्या, सगळा धातू अर्थिंगला जोडा. तुटलेलं अर्थिंग म्हणजे साठलेला चार्ज, आणि धुळीत ठिणगी.

ओझोनला विसरणं

बीम हवेतून जाताना ऑक्सिजनचा ओझोन होतो, नायट्रोजनची ऑक्साइडं होतात. कोंदट जुलै-ऑगस्टमध्ये त्यांना ओल मिळाली की नायट्रिक आम्ल तयार होतं. मग साधं लोखंड गंजतं, रबराला ओरखड्यांसारख्या चिरा पडतात आणि सगळे 'पावसाळा आहे' म्हणून गप्प बसतात. आतला भाग स्टेनलेसचा ठेवा आणि एक्झॉस्ट सतत चालू. बीम बंद झाल्यावर ओझोन ओसरेपर्यंत दार उघडू देऊ नका. त्यानंतर दुरुस्तीला आत जाताना 'मशीन किरणोत्सारी झालं असेल' ही भीती नको; 10 एमइव्हीपर्यंत ते दखलपात्र होत नाही.

बिघाड ओळखताना

फोटो-सेन्सर रोज चुकतोय? लेन्स उजेडात धरून पाहा. साधी काच रेडिएशनने तपकिरी पडते, पुसून निघत नाही. सिरियम मिसळलेली काच लावा. कॅमेऱ्यात पांढरे ठिपके नाचतात, ते बीम चालू असतानाच दिसत असतील तर कॅमेरा अजून जिवंत आहे. बीम बंद करूनही तेच ठिपके त्याच जागी राहिले तर बदलायची वेळ झाली, आणि नवा मात्र त्याच कोपऱ्यात बसवू नका.