रजोनिवृत्तीच्या काळातील सांधेदुखी: माझा अनुभव
४८व्या वर्षी पाळी अनियमित होऊन सात-आठ महिने झाले असतील, तेव्हा सकाळी कणीक मळताना माझी बोटे मिटेनाशी झाली आणि लोणच्याच्या बरणीचे झाकण उघडायलाही मुलाला हाक मारावी लागू लागली. ‘वयानुसार होतेच’ असे सगळ्यांनी सांगितल्यामुळे मीही महिनाभर तेल चोळत बसले, आणि तो महिना वाया गेला.

सांध्यांना सूज असेल आणि सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल, तर तो आमवात असू शकतो, म्हणून डॉक्टरांनी आधी थायरॉइड, आरए फॅक्टर (आमवातासाठीची रक्तचाचणी) आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घेतली. माझा ताठरपणा दहा मिनिटांत सुटत असे, सूजही नव्हती. ‘ड’ मात्र १४ (नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर) निघाले, जे २०च्या खाली असल्यास कमतरता समजतात. त्यासाठी आठवड्याला ६०,००० युनिटची एक गोळी, अशा आठ गोळ्या मिळाल्या. रजोनिवृत्तीच्या काळात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटल्यानेही सांधे आणि स्नायू दुखतात, हे मला तेव्हाच कळले.

खरा फरक मात्र व्यायामाने पडला. आठवड्यातून तीनदा, हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठबस आणि पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या उचलणे, इतकेच. पहिले पंधरा दिवस अंग अधिकच दुखले, तेव्हा सोडून द्यावेसे वाटले होते. तिसऱ्या महिन्यात बरणी माझी मीच उघडली. विळीवर नारळ खवताना अंगठ्याच्या मुळाशी कळ अजून येते, म्हणून ते काम सध्या मुलाकडे आहे.