चार बाजू दिल्या, क्षेत्रफळ सांगा: वर्गाने मिळून गणित कसं सोडवावं

गडगा (दगडी कुंपण) घालायचा तर परिमिती लागते, अंगण सारवायचं तर क्षेत्रफळ. आमच्या गोव्यातल्या डिचोलीकडच्या मुलांना घरी हा फरक ठाऊक असतो, वहीत मात्र निसटतो. एकटं मूल गणित वाचलं की सूत्र आठवतं आणि त्यात आकडे भरून मोकळं होतं. तेच चौघांत बसलं की कुणीतरी विचारतं, "पण ही बाजू नक्की कुठली?" या प्रश्नासाठीच मी क्षेत्रफळाची गणितं गटात घेते. नववीला हेरॉनचं सूत्र (तीन बाजूंवरून त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढायचं) झालं की खालचं गणित घ्यावं.

फळ्यावर एवढंच लिहा: एका भाटाच्या (माडांच्या बागेच्या) चार बाजू ओळीने ३०, ४०, ३९ आणि ४१ मीटर आहेत. क्षेत्रफळ काढा.

चौघांचे गट करा. एकाने आकृती काढायची, एकाने आकडेमोड, एकाने ती तपासायची. वर्गात जो सगळ्यांत आधी उत्तर सांगतो, त्याच्या हाती पेन्सिल देऊ नका. त्याने फक्त प्रश्न विचारायचे. सुरुवातीला त्याला ते जड जातं, पण गट त्याच्यामागे फरफटत नाही. आपली बरीच मुलं प्राथमिक मराठीतून शिकून पाचवीपासून इंग्रजीत जातात, म्हणून फळ्याच्या कडेला क्षेत्रफळ–एरिया, पाया–बेस, कर्ण–डायगोनल अशा जोड्या लिहून ठेवा. "पाया" म्हटलं की मुलं खालचीच बाजू धरतात. कागद फिरवून दाखवा; त्रिकोणाची कुठलीही बाजू पाया होते.

आधी अंदाज. दोन मिनिटं, आकडेमोड न करता. प्रत्येक गटाचा आकडा फळ्यावर येऊ द्या, चूक-बरोबर काही बोलू नका. एखादा गट समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करतोच: ३४.५ × ४०.५, म्हणजे १३९७.२५. शेतं मोजायची ही फार जुनी रीत आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये ती दिली, पण तिच्या उत्तराला "स्थूल", म्हणजे ढोबळ, म्हटलं. मुलांना हे जरूर सांगा. आपली चूक एवढी जुनी आणि मानाची आहे हे कळलं की ती मांडायला कुणी लाजत नाही.

आता चुडताचे हीर, म्हणजे माडाच्या झावळीच्या पात्यांमधल्या काड्या, वाटा. १ सेंटिमीटरला ५ मीटर या प्रमाणाने ६, ८, ७.८ आणि ८.२ सेंटिमीटरचे तुकडे कापून घ्या, सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे बारीक तुकडे सांध्यांना लावा आणि चौकोन जोडा. मग एक कोपरा हलकेच दाबायला सांगा. चौकोन पसरतो, चपटा होतो. बाजू त्याच, आतली जागा वेगळी. इथे घाई करू नका. वर्ग गप्प होतो आणि मग एखादी मुलगी म्हणते, "टीचर, गणितच अपुरं आहे." हे वाक्य मुलांकडूनच यावं, म्हणून लागला तर अर्धा तास जाऊ द्या. भास्कराचार्यांनी लीलावतीत, इ.स. ११५० मध्ये, हेच बजावलं आहे: लंब किंवा कर्ण न सांगता केवळ चार बाजूंवरून चौकोनाचं नेमकं फळ विचारणाऱ्याला ते पिशाच म्हणतात, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठं. मुलं खूश होतात, कारण यात पिशाच ठरतात ती टीचर!

मुलांनी मागितला की मगच कर्ण द्या: ३० आणि ४० च्या बाजू जिथे मिळतात, त्या कोपऱ्यासमोरचा, ५० मीटर. १० सेंटिमीटरचा पाचवा हीर आडवा लावला की चौकोन हलायचा थांबतो.

पुढचं काम भराभर होतं. ३०, ४०, ५० हा काटकोन त्रिकोण, क्षेत्रफळ ६००. दुसरा ५०, ३९, ४१ चा. अर्धपरिमिती ६५, तिच्यातून एकेक बाजू वजा केली की १५, २६ आणि २४, म्हणून ६५ × १५ × २४ × २६ चं वर्गमूळ. कॅल्क्युलेटर काढू देऊ नका. अवयव पाडले की २ चार वेळा आणि ३, ५, १३ प्रत्येकी दोनदा येतात; वर्गमूळ ४ × ३ × ५ × १३ = ७८०. एकूण १३८० चौरस मीटर. सरासरीच्या रीतीने १७.२५ चौरस मीटर जास्त आले होते, म्हणजे एका खोलीएवढी जमीन.

एका गटाला मात्र सूत्राऐवजी कंपास आणि गुण्या द्या. प्रमाणात नीट आकृती काढली की ३० आणि ३९ च्या बाजू समांतर दिसतात. दिसतात म्हणून मानायचं नाही. ४० च्या बाजूला दोन्ही टोकांशी काटकोन धरले, तर ३० × ४० चा आयत उरतो आणि शेजारी ९ व ४० भुजांचा त्रिकोण. ८१ + १६०० = १६८१, म्हणजे ४१ चा वर्ग. चौथी बाजू बरोबर जुळली. १२०० + १८०, पुन्हा १३८०. दोन गट दोन वाटांनी एकाच आकड्याला पोचले की मी बाजूला होते आणि एकमेकांना समजावणं त्यांच्यावर सोडते.

उत्तर एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीचा उतारा) असतं तसं लिहून घ्या: ० हेक्टर, १३ आर (एक आर म्हणजे १०० चौरस मीटर), ८० चौरस मीटर. घरचा उतारा कधी न वाचलेली मुलं त्या संध्याकाळी तो मागून बघतात.

तास संपताना गृहपाठ द्या: बाजू त्याच, कर्ण ५० ऐवजी ६० मीटर. क्षेत्रफळ वाढेल की घटेल? आधी हात वर करायला लावा. बहुतेक हात "वाढेल"साठी येतात. दुसऱ्या दिवशी दोन त्रिकोण मिळून सुमारे १३२७ भरतात. मग कोणीतरी ५२ घेऊन बघतं, तिथे मात्र क्षेत्रफळ साधारण १३८८ पर्यंत चढलेलं असतं, आणि हीर पुन्हा बाकावर येतात.