आरियसचा वाद कसा वाचावा

ख्रिस्ती धर्मातला चौथ्या शतकातला हा वाद 'येशू देव की माणूस' एवढाच होता असे धरून वाचायला बसले, तर पहिल्याच पानावर वाट चुकते. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस हाही पुत्राला, म्हणजे येशू ख्रिस्ताला, जगाच्या आधीचा आणि साऱ्या सृष्टीहून श्रेष्ठ मानत होता. मात्र पुत्र पित्याने निर्माण केलेला आहे, म्हणून 'तो नव्हता असे कधीतरी होते', असे त्याचे म्हणणे होते. तेव्हा वाचताना 'निर्माता की निर्मिती' हा प्रश्न हाताशी ठेवावा. आपल्याकडच्या अवतारकल्पनेचा चष्माही उतरवावा, कारण इथे एकदाच झालेल्या आणि कायम राहिलेल्या देहधारणाची चर्चा आहे.

हा वाद ज्यांत लढवला गेला त्या बिशपांच्या परिषदांकडे वळण्यापूर्वी बायबल उघडून दोन्ही पक्षांची वचने शेजारीशेजारी ठेवावीत. आरियसवाद्यांची मदार नीतिसूत्रे 8:22 वर, जिथे ज्ञान स्वतःच्या उगमाविषयी बोलते, आणि पिता आपल्याहून थोर असल्याचे येशू सांगतो त्या योहान 14:28 वर होती. विरोधकांची योहान 1:1 आणि 10:30 वर. वचनांची वानवा कोणालाच नव्हती. म्हणून कोणाला कशाची धास्ती होती, हे शोधावे. आरियसला देवाचे एकत्व धोक्यात येईल असे वाटत होते, आणि ही काळजी खोटी होती असे मला वाटत नाही. त्याचा प्रमुख विरोधक, अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस, याचा मुद्दा तारणाचा, म्हणजे माणसाच्या उद्धाराचा, होता: जो स्वतःच निर्मिलेला, तो इतर निर्मितीला देवाशी कसा जोडणार?

आता 325 मधल्या निकिया इथल्या परिषदेचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेचा जाहीर कबुलीमजकूर, घ्यावा आणि तो शेवटाकडून वाचावा. आज उपासनेत म्हटला जातो तो मतांगीकार 381 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडलेला आहे. त्यात नसलेला एक परिच्छेद निकियाच्या मूळ मजकुराच्या अखेरीस आहे आणि आरियसच्या 'तो नव्हता असे कधीतरी होते' या विधानाचा त्यात नाव न घेता धिक्कार केला आहे. मग वर येऊन 'जन्मलेला, निर्मिलेला नव्हे' आणि 'पित्याशी एकतत्त्व' हे शब्द पाहिले की ते कोणाला उद्देशून आहेत ते कळते. वाद मात्र तिथे मिटला नाही. सम्राट बदलले तसे पारडे फिरले आणि अथनासियसला पाच वेळा हद्दपार व्हावे लागले.

पुत्र पूर्ण देव असेल तर तो पूर्ण माणूस कसा, हा पुढचा प्रश्न इफिस (431) आणि खाल्सेडोन (451) इथल्या परिषदांचा आहे. त्याची निकियाशी सरमिसळ करू नये. खाल्सेडोनने ख्रिस्तातल्या दैवी आणि मानवी अशा दोन स्वभावांचे मिलन चार नकारांनी कुंपण घालावे तसे सांगितले: मिसळ नाही, बदल नाही, फाळणी नाही, ताटातूट नाही. हा निर्णय कॉप्टिक, आर्मेनियन आणि सिरियाक मंडळ्यांनी (चर्चनी) नाकारला; केरळातली मलंकारा ऑर्थोडॉक्स मंडळीही त्याच परंपरेतली. त्यांना सरसकट 'एकस्वभाववादी', म्हणजे ख्रिस्तात फक्त दैवी स्वभाव मानणारे, म्हणणे टाळावे, कारण ख्रिस्ताचे माणूसपण त्या नाकारत नाहीत. पोप सहावे पॉल आणि कॉप्टिक पोप तिसरे शनूदा यांनी 1973 मध्ये काढलेले संयुक्त निवेदन याच ठिकाणी वाचावे.