आधी वारा बघा, मग रस्ता: नेदरलँड्समधल्या सायकलवाटा

नेदरलँड्सला नव्याने आलेल्या मंडळींचा पहिला प्रश्न घराचा असतो, दुसरा बीएसएन नंबरचा, म्हणजे इथल्या सरकारी ओळख-क्रमांकाचा. महिनाभरात सायकल घेऊन झाली की तिसरा येतो, "शनिवार-रविवारी सायकलवर कुठे जायचं?" मी इथे सोळा वर्षं आहे आणि हा प्रश्न ऐकला की मला अजूनही मनापासून आनंद होतो. पण उत्तराआधी मी एकच विचारतो: आज वारा कुठून आहे?

देश सपाट, त्यामुळे नकाशावर सगळेच मार्ग सोपे दिसतात. चाळीस किलोमीटर, चढ नाही, मग त्यात काय अवघड? आमच्या इथल्या पहिल्याच ऑक्टोबरात मी आणि बायको असाच विचार करून मार्केनला निघालो. ॲमस्टरडॅम सेंट्रल स्टेशनच्या मागून फुकटच्या फेरीबोटीने पाण्यापलीकडे गेलो आणि डर्खरडामपासून बांधावरून ईशान्येला लागलो. वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे अगदी पाठीवर. सव्वा तासात मार्केन आलं. आपण किती छान चालवतो असं वाटत होतं. परतीला तोच वारा तोंडावर आला आणि त्याच वीसेक किलोमीटरला जवळजवळ तीन तास लागले. डर्खरडामला पोहोचलो तेव्हा बायकोची बोटं इतकी बधिर झाली होती की ब्रेक दाबता येईना. तिथल्या लाकडी घरांच्या आडोशाला आम्ही बराच वेळ नुसते उभे होतो. त्यानंतर तिने पुढच्या वसंतापर्यंत सायकलला हात लावला नाही. नवीन माणसाच्या बाबतीत हे होऊ नये म्हणून हे सगळं लिहितो आहे.

ताशी वीसच्या वेगाने तुम्ही चालला आहात आणि समोरून ताशी वीसचाच वारा आहे, तर अंगाला चाळीसची हवा लागते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो दुप्पट नाही, चौपट होतो. इथे घाट नाहीत, पण घाटात होते तशी दमछाक वारा करवतो, आणि घाटाला जसा माथा असतो तसा याला नसतो. म्हणून सकाळी केएनएमआयचा, म्हणजे इथल्या हवामानखात्याचा, अंदाज उघडा आणि पावसाच्या आधी वाऱ्याची दिशा व ताकद बघा. ताकद इथे बोफर्टच्या आकड्यात सांगतात. माझा स्वतःचा हिशोब असा: ३ पर्यंत कुठेही जा, ४ ला आडोशाचा मार्ग घ्या, ५ ला नवशिक्याने फक्त जंगलात जावं, ६ आणि त्यावर बांधाचं नाव काढू नका. सुरुवात नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला करा. पाय ताजे असतात तेव्हा वारा अंगावर घ्यायचा आणि थकल्यावर त्याच्याच मदतीने घरी यायचं. इथे बहुतेक वेळा वारा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे फारसा विचार न करता नैर्ऋत्येला निघालात तरी बहुधा चुकणार नाही.

अगदी पहिला मार्ग म्हणून मी सगळ्यांना औडरकेर्कला पाठवतो. ॲम्स्टलवेन किंवा दक्षिण ॲमस्टरडॅममधून आम्स्टल नदीच्या काठाने, रीकरमोलन ही जुनी पवनचक्की मागे टाकून गेलं की हे छोटं गाव लागतं. तिथून 'रोंडे हूप' नावाच्या पोल्डरला फेरी घालायची, सतरा किलोमीटरच्या आसपास. पोल्डर म्हणजे पाणी उपसून कोरडी केलेली जमीन. इथे ती तुमच्या डोळ्यांसमोर असते: रस्ता बांधावरून जातो, एका हाताला काठोकाठ नदी आणि दुसऱ्या हाताला नदीच्या पाण्यापेक्षा खाली असलेलं कुरण. होडी गायींच्या डोक्यावरून चालली आहे असं वाटतं. आतल्या कुरणात वसंतात ग्रुटो पक्षी घरटी करतो. तांबूस मान, लांब सरळ चोच, आणि स्वतःचंच नाव घेतल्यासारखा आवाज. हाच इथला राष्ट्रीय पक्षी.

ही फेरी शिकायला इतकी चांगली का, तर गोल असल्यामुळे तासाभरात वारा समोरून, कडेने आणि पाठीवर असा तिन्ही तऱ्हांनी कळतो. औडरकेर्क उत्तरेच्या टोकाला आहे. नैर्ऋत्येचा वारा असेल तर आधी आम्स्टलच्या काठाने दक्षिणेला उतरा, मग वाफर आणि बुलेवाइक या नद्यांच्या काठाने वर या. परतीला वारा ढकलतो. मात्र या दिशेने नदी सतत उजव्या हाताला राहते, आणि आपण चालवतोही उजवीकडून. कठडा नाही. लहान मुलं स्वतःची सायकल चालवत असतील तर वारा विसरा आणि फेरी उलटी घाला, म्हणजे पाणी रस्त्याच्या पलीकडे राहील. मुलांना घेऊन बाहेर पडायचं ते तसंही कमी वाऱ्याच्या दिवशीच.

उट्रेख्तच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी फेख्त नदी आहे. माझ्या मते हा देशातला सगळ्यात देखणा सोपा मार्ग. मार्सन, ब्रोकेलन, लूनन, व्रेलँड अशी गावं घेत नदी वळणं घेत जाते आणि शेवटी मौडनच्या किल्ल्यापाशी आयमेर सरोवराला मिळते, सगळे मिळून चाळीसेक किलोमीटर. सतराव्या-अठराव्या शतकात ॲमस्टरडॅमच्या श्रीमंत व्यापाऱ्यांनी उन्हाळ्यासाठी इथे वाडे बांधले. पाण्याला लागून त्यांची चहा प्यायला बसायची छोटी घुमटीवजा घरं अजून उभी आहेत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचं नाव या ब्रोकेलनवरूनच पडलं. जुनी झाडं आणि घरं आडोसा देतात, त्यामुळे बोफर्ट ४ लाही हा मार्ग सुखाचा जातो. सगळा एका दिवशी करू नका. दमलात तर ब्रोकेलनला रेल्वे स्टेशन आहे, तिथून गाडीत बसा.

सायकल गाडीत नेता येते, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा या गर्दीच्या वेळा सोडून, आणि सायकलचं वेगळं तिकीट काढून. घडीची सायकल घडी करून कधीही नेता येते.

मार्ग शोधण्यासाठी फोन हातात धरायची गरज नाही, आणि १ जुलै २०१९ पासून सायकल चालवताना फोन हातात धरणं इथे गुन्हाच आहे. त्यापेक्षा 'क्नोपपुन्टन' शिका. वाटा जिथे मिळतात त्या प्रत्येक ठिकाणाला एक क्रमांक असतो, आणि हिरव्या-पांढऱ्या छोट्या पाट्या पुढच्या क्रमांकाकडे नेतात. ही पद्धत बेल्जियमच्या लिम्बर्ग प्रांतात १९९५ साली सुरू झाली. एका खाणीच्या अभियंत्याने कोळशाच्या खाणीतल्या बोगद्यांच्या क्रमांकांवरून ती सुचवली होती. घरी बसून क्रमांक एका कागदावर लिहायचे, ४३, ४७, ४८, ५२ असे, आणि तो कागद हँडलला चिकटवायचा. एवढं पुरतं. पिवळी पाटी दिसली आणि वर 'ओमलायडिंग' लिहिलेलं असलं तर काम चालू आहे. मुकाट्याने त्या पाटीमागे जा.

रस्त्यावर रंगवलेले पांढरे त्रिकोण नीट ओळखा. टोक तुमच्याकडे असेल तर थांबून समोरच्याला जाऊ द्यायचं. त्रिकोण, पाटी, सिग्नल काहीच नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग ती गाडी असो की सायकल. वळताना हात दाखवा. दोघांनी शेजारी-शेजारी चालवायला परवानगी आहे. अंधारात पुढे पांढरा किंवा पिवळा, मागे लाल दिवा हवा, आणि तो लुकलुकणारा चालत नाही. ट्रामचे रूळ काटकोनातच ओलांडा. ओल्या विटांच्या रस्त्यावर वळताना ब्रेक लावू नका. सायकलवाटेच्या मधोमध खांब असतात, तेही लक्षात ठेवा. वेगवान सायकलस्वारांचा घोळका मागून येताना "पाल्च्ये!" ओरडला तर पुढे खांब आहे आणि "टेखन!" ओरडला तर समोरून कुणी येतंय. स्वतः उजवीकडे सरकून त्यांना वाट द्या, दचकून मधे वळू नका.

सायकल कुठली घ्यावी? साधी, गिअरवाली, दोन्ही हातब्रेक असलेली. पायडल मागे दाबून ब्रेक लागणारी इथली पारंपरिक सायकल गावात चांगली आहे, पण थांबल्यावर पायडल सोयीच्या जागी मागे फिरवता येत नाही आणि सिग्नलला नवा माणूस धडपडतो. रस्त्यावर कुणी फारच स्वस्तात देत असेल तर ती चोरीची असते, घेऊ नका. भेटीला आलेल्या आई-वडिलांसाठी विजेची सायकल भाड्याने घ्या, पण समोरच्या वाऱ्यात बॅटरी भराभर उतरते, म्हणून जाताना निम्मी संपायच्या आत वळा.

दोन-तीन महिने असे गेले की मार्केनचा बांध घ्या, आमच्यासारखा नाही तर नीट दिवस बघून. उन्हाळ्यात कधीतरी पूर्वेचा किंवा ईशान्येचा हलका वारा असतो, तो दिवस या मार्गाचा. डर्खरडाम, औटडाम, मार्केन, मोनिकेनडाम आणि आतून ब्रूक-इन-वाटरलँडमार्गे परत. मार्केन हे पूर्वी बेट होतं, १९५७ साली रस्त्याने जोडलं गेलं. टोकाला पांढरं दीपगृह आहे, तिथपर्यंत जरूर जा.

वाऱ्याची भीती गेली की झेलंड प्रांतात ओस्टरस्खेल्डे खाडीचा अडसर, म्हणजे वादळात समुद्र अडवणारा बांध, आहे. १९८६ साली पूर्ण झालेल्या या नऊ किलोमीटरच्या बांधावर एका बाजूला उत्तर समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी, मधे आडोसा म्हणून काही नाही. वादळी वारा आला की ऐन वेळी जाहीर करून इथे उलट्या वाऱ्यात सायकल चालवायची राष्ट्रीय स्पर्धा घेतात, तीही बिनगिअरच्या साध्या सायकलींवर. आपण शांत दिवशी जावं.

वारा नको आणि चढ हवा असेल तर आर्नेमजवळ फेलुवेझोमच्या राष्ट्रीय उद्यानातली पोसबँक. जंगलातून नव्वदेक मीटरपर्यंत चढ, आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात वर सगळं माळरान हीथरच्या जांभळ्या झुडपांनी भरलेलं.

खरा डोंगराळ भाग दक्षिण लिम्बर्गचा, म्हणजे नेदरलँड्समधल्या लिम्बर्गचा, बेल्जियममधल्या नव्हे. तिथे जायची घाई करू नका, आणि जाल तेव्हा दोन दिवस काढून जा. फाल्केनबुर्खला उतरा, तिथली १८५३ सालची स्टेशनची इमारत देशातल्या शिल्लक स्टेशन-इमारतींत सगळ्यात जुनी आहे. गावातूनच काउबेर्खचा चढ सुरू होतो, जास्तीत जास्त बारा टक्के. १९६६ पासून चालत आलेल्या आम्स्टल गोल्ड रेस या सायकल शर्यतीमुळे तो जगभर माहीत आहे. पहिल्या दिवशी एवढाच चढा आणि गुल नदीच्या खोऱ्यातून सावकाश फिरा. दुसऱ्या दिवशी पाय ठीक असतील तर फाल्सरबेर्ख, ३२२ मीटर, जिथे नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनीच्या सीमा मिळतात. कॉटेनबेर्ख बावीस टक्क्यांचा आहे, तो पुढच्या वर्षी. निघायच्या आदल्या आठवड्यात ब्रेकचे पॅड बदलून घ्या. वर्षभर सपाटीवर चालवताना ते किती झिजलेत हे कळतच नाही, आणि काउबेर्खच्या उतारावर खाली थेट गावातला चौक आहे.