डबीवरचे ‘इतर घटक’ कसे वाचावेत

ड जीवनसत्त्वाच्या गोळीवर १००० आययू (जीवनसत्त्व मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक) लिहिलेलं असतं. वजनात ते भरतं २५ मायक्रोग्रॅम. तेवढं चिमटीतही येणार नाही. म्हणजे आपण गिळतो ती गोळी जवळजवळ सगळी ‘इतर घटकां’चीच असते.

१. डबी फिरवा आणि पोषणाच्या तक्त्याखालची बारीक अक्षरांतली ओळ शोधा.

२. प्रत्येक नावाचं काम ओळखा. मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज हा भराव. वनस्पतीचा तंतूच तो, पचत नाही, तसाच बाहेर पडतो. सिलिकॉन डायऑक्साइडमुळे भुकटीच्या गुठळ्या होत नाहीत. क्रॉसकार्मेलोज पाणी शोषून फुगतं आणि गोळी फोडतं. वरून लेप नसलेली अशी गोळी पेल्यातल्या पाण्यात टाकून बघा, कडा फुगून भुगा होताना दिसेल. सगळ्यात बदनाम मॅग्नेशियम स्टिअरेट. भुकटी यंत्राला चिकटू नये म्हणून ते घालतात, बहुधा एक टक्क्याच्या आसपास. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत ५ मिलिग्रॅम. त्यातलं स्टिअरिक आम्ल चॉकलेटमध्ये याच्या कितीतरी पट असतं. याला घाबरून महागडी डबी घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

३. आता आपली प्रकृती आठवा. खरी मेख इथे आहे. दूध पचत नसेल तर लॅक्टोज बघा, सोयाची ॲलर्जी असेल तर मऊ कॅप्सूलमधलं तेल. कॅप्सूलच्या कवचातलं जिलेटिन प्राण्यांपासून येतं. शाकाहारी कॅप्सूलवर हायप्रोमेलोज लिहिलेलं असतं. फेनिलकीटोन्युरिया (फेनिलअलानिन हे अमिनो आम्ल शरीराला पचवता न येण्याचा जन्मजात आजार) असलेल्यांनी ॲस्पार्टेम हा गोडवा आणणारा पदार्थ टाळायचाच. चघळायच्या गोळ्यांतलं गोडीसाठीचं सॉर्बिटॉल जास्त झालं की पोट बिघडतं. पाण्यात फसफसणाऱ्या गोळीत खाण्याचा सोडा असतो, म्हणजे सोडियम आलंच. रक्तदाब असेल तर रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

४. रंग नसलेली गोळी मिळत असेल तर ती घ्या, रंगाने गुण वाढत नाही. पांढऱ्या रंगासाठीचं टायटॅनियम डायऑक्साइड युरोपीय महासंघाने २०२२ मध्ये खाद्यपदार्थांत बंद केलं; जनुकांना इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, हे त्यामागचं कारण.

या ‘इतर घटकां’ना ‘निष्क्रिय’ही म्हणतात; त्या शब्दावर विसंबू नका. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड या जंतुविरोधी औषधाच्या पातळ रूपाने शंभरावर माणसं दगावली, ती त्यातल्या द्रावकामुळे, डायएथिलीन ग्लायकॉलमुळे.

५. नव्या डबीनंतर खाज किंवा जुलाब सुरू झाले तर गोळी थांबवा, जुन्या-नव्या डबीच्या ओळी शेजारी ठेवून फरक शोधा आणि दोन्ही डब्या डॉक्टरांना दाखवा. ओठ सुजले, श्वास अडकला, तर लेबल वाचत बसू नका. थेट रुग्णालय गाठा.